दुहेरी तार आणि तात्यांचे कान

आमच्या घरात कुणीच हळू बोलत नसे. जिन्यातून जाणाऱ्या नव्या माणसाला वाटायचं, या खोलीत सकाळपासून भांडण पेटलंय. आत मात्र "मीठ दे गो" किंवा "पाणी गेलं" एवढंच चाललेलं असायचं. याचं कारण तात्या. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लालबागच्या चाळीत त्यांची आणि आमची खोली शेजारी शेजारी, मधल्या भिंतीला दार पाडलेलं, त्यामुळे घर एकच. बाबा गिरणीच्या घडीखात्यात होते, तिथे कापडाच्या घड्या घालायच्या, आवाज बेताचा. तात्या साचेखात्यात. एका छपराखाली शेकडो साचे, म्हणजे यंत्रमाग, धडधडत असतात तिथे माणूस तोंडाने बोलत नाही. तो ओठ वाचतो, बोटांच्या खुणा करतो, आणि अगदीच अडलं तर दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडतो. ती सवय अंगावरच्या सुताच्या तुसासारखी घरी येते. त्या खात्यातले बहुतेक लोक पन्नाशीच्या आतच ऐकेनासे व्हायचे, आणि त्यांच्या बायकापोरांचे घसे मोठे व्हायचे.

तात्यांना मात्र ऐकू यायचं, आणि फार चांगलं ऐकू यायचं. काकी रोज सकाळी कापसाचे दोन बोळे वळायची, त्यांना खोबरेल तेलाचा थेंब लावायची आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून जेवणाच्या डब्याबरोबर द्यायची. खात्याच्या दारात पाऊल टाकण्याआधी तात्या ते कानात बसवत आणि पाळी सुटेपर्यंत काढत नसत. सोबतचे लोक टिंगल करायचे. "काय तात्या, कानात बाळ निजवलंय काय?" तात्यांचं उत्तर ठरलेलं. "संध्याकाळी पखवाज तुझो बापूस वाजवतलो काय?"

चाळीच्या भजन मंडळाचा पखवाज तात्यांकडे होता. ज्यांनी डबलबारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समोरासमोर दोन मंडळं बसतात, दोन्हीकडे एकेक बुवा, पेटी, पखवाज, झांजा. एका बुवाने भजनातून टोला मारायचा, दुसऱ्याने तो परतवायचा, आणि मैदानभर बसलेल्या लोकांनी कोण वरचढ ते ठरवायचं. बुवा चुकला तर सावरून घेता येतं. पखवाज उतरलेला असला तर सगळं मंडळच बेसूर वाटतं. तात्या डाव्या अंगाला कणकेचा गोळा थापत, उजव्या अंगाच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडीने हलके ठोके देत, एकदा थाप मारत आणि बुवांकडे बघून मान हलवत. त्यांनी कधी कुणाला "लागला काय?" असं विचारलेलं मला आठवत नाही. ते इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि ती माझ्यामुळे.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला, त्यामुळे पंखा थांबला, इस्त्री जळली, शेजाऱ्यांचा टीव्ही मुंग्या दाखवायला लागला की हाक मलाच. त्या वर्षी ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बोटीवरून सुट्टीला आले आणि येताना दोन परदेशी स्पीकर आणि अँप्लिफायर घेऊन आले. कमरेएवढे उंच, लाकडी पेटीचे स्पीकर. त्यांचं घर अजून तयार नव्हतं म्हणून स्पीकर आमच्याकडे राहिले. आईने त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल घातले आणि एकावर कुंडी ठेवली. ती काढायला मला दोन दिवस तिच्याशी वाद घालावा लागला.

त्या स्पीकरांच्या पाठीवर तार जोडायचे स्क्रू दोनाऐवजी चार होते, आणि वरच्या जोडीला खालच्या जोडीशी जोडणाऱ्या पितळी पट्ट्या. मला हे नवीन होतं. गिरगावात एका रद्दीवाल्याकडे परदेशी मासिकं यायची, तिथे उभ्या उभ्या वाचून मी ज्ञान मिळवलं. पट्ट्या काढून टाकायच्या, आणि प्रत्येक स्पीकरला एकाऐवजी दोन तारा न्यायच्या, एक खालच्या जाड आवाजासाठी, एक वरच्या बारीक आवाजासाठी. एकाच तारेतून दोन्ही गेले तर ते एकमेकांच्या पायात येतात, म्हणे. वेगळे नेले की आवाज मोकळा होतो. मी हे घरी सांगितलं, मग गॅलरीत सांगितलं, मग कॉलेजात सांगितलं. दर वेळी आवाज थोडा अधिक मोकळा होत गेला. भाऊजींनी माझ्या शब्दावर तांब्याच्या जाड तारेचं अख्खं भेंडोळं आणलं आणि मी ती दुहेरी जोडून दिली.

"आहाहा," भाऊजी म्हणाले. "झांज बघा कशी सुटी झाली."

तात्या खाटेवर बसून विडी ओढत होते. ते म्हणाले, "माका काय फरक दिसना नाय."

"दिसायचा नाही तात्या, ऐकायचा," भाऊजी म्हणाले.

"ताच सांगतंय. ऐकाक येना नाय."

आता माझी सगळी हयात सभागृहांत आणि शाळांत ध्वनियंत्रणा बसवण्यात गेली आहे, तर या वादाचा निकाल मी पदरच्या अनुभवाने देऊ शकतो. त्या दोन तारा दुसऱ्या टोकाला, अँप्लिफायरच्या मागे, एकाच स्क्रूखाली जातात. म्हणजे एक तार जाड केली काय आणि दोन ओढल्या काय, घरातल्या चार-पाच हातांच्या अंतराला सारखंच. गिऱ्हाईकांना मी नेहमी सांगत आलो की तारेवर खर्च करण्यापेक्षा स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, उघड्या खिडकीला जाड पडदा लावा, कान लगेच सांगतील. पण वीस वर्षांचा असताना मला कानांपेक्षा मासिकावर भरवसा होता. आणि तात्या सगळ्यांसमोर नाही म्हणाले होते.

भाऊजींनीच परीक्षेची टूम काढली. रविवार ठरला. त्या दिवशीचं जेवण मला अजून आठवतं, बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं ठेचून घातलेली, तांदळाच्या भाकऱ्या आणि पातेलंभर सोलकढी. बुवा जेवायलाच आले होते, आणि शंकरही. शंकर मंडळात झांज वाजवायचा आणि तात्यांच्या हाताखाली पखवाज शिकत होता. जेवणं आटोपली, खरकटी निघाली, आणि दुपारी तीनच्या सुमाराला सगळे भिंतीला टेकून बसले. आई, बाबा, काकी, ताई, भाऊजी, बुवा, शंकर, तात्यांची मुलगी रंजू, आणि तात्या. स्पीकरांच्या मागे आईची जुनी साडी दोरीवर टाकून पडदा केला आणि पडद्याआड मी, अँप्लिफायर आणि टेपरेकॉर्डर.

पद्धत माझीच होती, आणि पद्धत चांगली होती. आमच्याच मंडळाच्या भजनाची मी केलेली कॅसेट होती. तिचा तोच तुकडा दोनदा वाजवायचा, एकदा एकेरी तारेवर, एकदा दुहेरीवर. आधी कुठली ते मी ठरवणार आणि वहीत लिहिणार. प्रत्येकाच्या हातात चिंचोका. समोर दोन वाट्या, पहिली आणि दुसरी. जो आवाज बरा वाटला त्या वाटीत चिंचोका.

तीन फेऱ्या झाल्या. दर फेरीनंतर रंजू चिंचोके मोजून ओरडून सांगायची, आणि मी वहीशी ताडून बघायचो. काही पत्ता लागत नव्हता. भाऊजींनी तीनपैकी दोनदा एकेरी तारेलाच झांज सुटी झाल्याचा कौल दिला. आईचे चिंचोके सगळे पहिल्या वाटीत, कारण ती तिच्याजवळ होती. तात्यांनी एकही टाकला नाही. "दोन्ही सारखेच. खय टाकू?" असं म्हणून ते चिंचोका मुठीतच ठेवत.

पडद्याआडून मला भाऊजींचं हसू ऐकू आलं. "काय इंजिनियर, भेंडोळं परत करायचं काय?" बाबा नुसते खाकरले. त्या खाकरण्याने माझे कान तापले. माझ्या फीसाठी ते दोन वर्षं जादा पाळ्या करत होते.

चौथ्या फेरीला दुहेरी तारेची पाळी आली तेव्हा मी आवाजाचं बटण किंचित पुढे सरकवलं. हे आज सगळ्या जगाला ठाऊक आहे, त्या वेळी मलाही पुस्तकातून ठाऊक होतं, की आवाज जरासा मोठा झाला तर माणसाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. रंजूने मोजलं. आठच्या आठ चिंचोके दुसऱ्या वाटीत. "आता सापडलं!" भाऊजी म्हणाले. बुवांनी मांडीवर थाप मारली. "पखवाज कसा समोर आला बघ!"

तात्यांचा चिंचोका मुठीतच होता. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "सुध्या, आवाज वाढवलंस काय रे?"

"नाही तात्या."

"बटणाक हात लावलंस?"

"नाही."

"परत वाजव."

मी परत वाजवलं, आणि परत सरकवलं. आता मागे फिरण्याची वाट मीच बुजवली होती. तात्या डोळे मिटून ऐकत होते. त्या कॅसेटमधला पखवाज त्यांचाच होता. स्वतःची थाप किती अंतरावरून कशी येते हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ते म्हणाले, "वाढलो. आवाज तोच, पण वाढलो."

मी पडदा बाजूला करून बाहेर आलो. "आईशप्पथ, तात्या. हात नाही लावला." आई समोरच बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली, पोरगा खरं बोलतोय म्हणून.

भाऊजी हसत म्हणाले, "तात्या, बोळ्यांनी काय होतंय? साच्यात कान गेले तुमचे. नाही ते ऐकू यायला लागलं." सगळे हसले. भाऊजी वाईट माणूस नव्हते. आमच्याकडे साचेवाल्यांच्या कानांवर रोजच कुणी ना कुणी बोलायचं. तात्याही हसले. मग त्यांनी चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकला. तो पडल्याचा आवाज मी ऐकला.

पुढच्या गुरुवारी मंडळाच्या तालमीत तात्यांनी पखवाज लावला, थाप मारली, आणि शंकरला विचारलं, "लागला काय रे?" शंकर गोंधळून बुवांकडे बघायला लागला. त्याच्या पुढच्या तालमीत त्यांनी तीनदा विचारलं. एकदा बरोबर लागलेला उतरवून पुन्हा चढवायला गेले, आणि तो चढला नाही. मी झांजवाल्यांच्या मागे बसलो होतो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. महिन्याभराने परळच्या मैदानावर डबलबारी होती. आदल्या दिवशी तात्या बुवांना म्हणाले, "उद्या शंकर बसात. माजो कान आता खात्रीचो नाय. मंडळाचा नाव माझ्यामुळे जाऊक नको." बुवांनी खूप समजावलं. तात्या प्रेक्षकांत बसले, आणि त्यानंतर पखवाजाला बसले नाहीत.

तेही मी गिळलं असतं. पण आणखी काही दिवसांनी बाबा जेवताना आईला म्हणाले, "दादा हल्ली कापूस नेत नाही. वहिनीने विचारलं तर म्हणाला, आता कुणासाठी जपू?" कान गेलेत असं मानून तात्या उघड्या कानांनी साचेखात्यात उभे राहू लागले होते. मी बोललेलं खोटं रोज आठ तास खरं होत होतं. तरी मी बोललो नाही. रविवारी सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू, नोकरी लागल्यावर सांगू, असं करत दोन वर्षं गेली आणि गिरणीच बंद पडली. मग सांगून काय होणार, हे एक नवीन कारण मिळालं, आणि ते मला पुढली सगळी वर्षं पुरलं.

आता अलीकडचं. माझ्या मुलाने लोअर परळला घर घेतलं, आणि घरात होम थिएटर बसवायला दुकानातून एक हसतमुख मुलगा आला. स्पीकर उलटा करून म्हणाला, "अंकल, चार टर्मिनल आहेत. बायवायर करून घ्या, साउंड एकदम ओपन होतो." तीच आमची दुहेरी तार. मी खुर्चीत बसूनच होतो. म्हटलं, कर. पण आवाज मोबाईलवर मोजून दोन्ही वेळा सारखा ठेव, आणि तू डोळे मिटून ऐक, बदलाबदल माझा मुलगा करील. बिचाऱ्याने पाच वेळा ऐकलं आणि मान खाजवत म्हणाला, "अंकल, सेमच येतंय हो." मुलगा हसायला लागला. "बाबा, तुम्हाला आधीच कसं माहीत?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून थेट लालबागला गेलो. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. तात्या चौदाव्या मजल्यावर रंजूकडे असतात. वय झालंय, डोळे आणि डोकं शाबूत, कान मात्र खरोखर गेलेत. यंत्र आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून ते काढून ठेवतात.

मी जन्मभर या कबुलीची तयारी केली होती, आणि ती सगळी हळू आवाजातली होती. ते जमणारच नव्हतं. "तात्या, मी खोटं बोललो होतो," असं मी म्हटलं तर ते म्हणाले, "काय? मोठ्यान बोल." मी ओरडलो. "कसला?" मी आणखी ओरडलो. स्पीकर! भाऊजींचे स्पीकर! तारा! आवाज मी वाढवला होता! शेवटच्या वाक्याला खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला, रंजू हातातलं पीठ तसंच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

तात्या खुर्ची ओढून माझ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "म्हणजे आवाज वाढललो?"

"होय!"

"आणि तो मिया एकट्यान वळाखलंय?"

"तुम्ही एकट्याने!"

"माजे कान बरे हुते?"

"बरे होते, तात्या! सगळ्यांपेक्षा बरे होते!"

मला वाटलं होतं, ते रडतील, नाहीतर मला जिना दाखवतील. ते रागावले, हे खरं. "मेल्या, चाळीस वर्सां? चाळीस वर्सां तोंडात काय धरललंस?" मी त्यांचे पाय धरले. रंजू भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "दादा, मी चिंचोके मोजले होते रे," आणि पीठ लागलेल्या मनगटाने डोळे पुसायला लागली. मी कापसाचंही सांगितलं, तेच मला सर्वांत जड होतं. तात्या हात झटकून म्हणाले, "कापूस! तो माझो निर्णय. तू काय माझ्या कानातसून काढलंस?" ते मला सोडवण्यासाठी म्हणाले असतील. पण मी सुटलो, हेही खरं. खुर्चीवर बसलो तेव्हा मला भूक लागली होती, इतक्या वर्षांत लागली नव्हती तशी.

मग त्यांनी रंजूला फोन लावायला सांगितला. शंकरला, गावी. शंकर आता सत्तरीला टेकलाय आणि त्यालाही कमीच ऐकू येतं. तात्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "सांग त्याका."

मी पुन्हा सगळं ओरडून सांगितलं. पलीकडून शंकर म्हणाला, "कसले स्पीकर? कोण बोलता?" तिसऱ्या वेळी त्याला कळलं. "अरे देवा," तो म्हणाला. "त्या डबलबारीक माजे हात कापत हुते रे. तात्यान बसाक होया हुता."

मी तेही तात्यांना ओरडून सांगितलं. ते खूश होऊन ताट समोर आल्यासारखे सरसावून बसले. "आता ताईक लाव." ताई डोंबिवलीला असते. तिला सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "आईची शप्पथ घेतलीस, तीही खोटी!" आणि मग शिव्या दिल्या. तिच्या शिव्या संपेपर्यंत माझा आवाज बसला होता, पण वाक्य आता न अडखळता येत होतं.

"आनी कोण?" तात्यांनी विचारलं.

आणि कुणीच नव्हतं. आई, बाबा, काकी, बुवा, भाऊजी, सगळे गेलेले. मी बोटांनी मोजून दाखवलं. तात्यांनीही माझ्याबरोबर बोटं मोजली.

"मग लिवून काढ," ते म्हणाले. "आनी किती वाढवललंस ता पन लिव. नायतर लोक म्हणतले, भोंग्यासारखो वाढवल्यान आसतलो, तो कोणीय वळाखतलो."

तर नोंद असावी. बटण मी फार फिरवलं नव्हतं. त्याच्या कडेच्या बारीक खाचांपैकी एक खाच पुढे गेली, दुसरी नाही. तेवढ्यावर आठ माणसं फसली. तात्या फसले नाहीत.